मदत हवी आहे : रिटेल शिकायला ब्रिटन, योग्य ठरेल का?
नमस्कार मंडळी. कुडाळला बाबांचं कोकणमेव्याचं दुकान आहे. धाकट्या बहिणीला रिटेल मॅनेजमेंट शिकायला ब्रिटनला जायचंय. मास्टर्स तिकडे बहुधा वर्षभरात होतं. पण नंतर नोकरीसाठी राहण्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या व्हिसाच्या अर्जांना दीड वर्षच आहे. तेवढ्यात कर्ज कितपत फिटतं?

मला तिचं जाणं पटतंय. तिथली सुपरमार्केटं स्वतःच्या नावाने माल विकतात, ते जवळून बघायला मिळेल. मालाचा अंदाज बांधायलाही शिकेल; आमच्याकडे मे महिन्यात चाकरमानी आले की आंबापोळी पुरत नाही, आणि पावसात कोकम पडून राहतं.

तिकडे शिकून कोणी रिटेलमध्ये आहे का? सुरुवात दुकानात उभं राहून झाली की थेट खरेदी विभागात? परतल्यावर पदवीला इथे मान मिळाला का? आई फार काळजीत आहे, कृपया सविस्तर सांगा.