डोळ्याच्या तंतूंना मेंदूतली जागा कोण दाखवतं?

तर्कटराव: मेंदू म्हणजे कोरी पाटी, बघून बघूनच सगळी जुळणी होते, असं सर्रास ठोकून दिलं जातं. डोळ्यापुरतं तरी ते साफ चूक. १९४० च्या दशकात रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञाने बेडकाची ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी तंतूंची जुडी, कापून डोळा १८० अंशांत फिरवला. बेडकात ही नर्व्ह पुन्हा वाढते. तशी वाढली, दिसूही लागलं. पण माशी वर असली की पठ्ठ्या झेप खाली घेई. कायमचंच. तंतू आपापल्या जुन्या जागी परतले होते, अनुभवाने त्यांना काडीचं शिकवलं नाही.

शंकासुर: राव, गोष्ट अर्धीच सांगितलीत. १९७० मध्ये गेझ आणि शर्मा या संशोधकांनी गोल्डफिशच्या टेक्टमचा, म्हणजे मेंदूतल्या दृष्टिकेंद्राचा, मागचा अर्धा भाग काढला. तिथले तंतू बेघर व्हायला हवे होते ना? पण दृष्टिपटलाचा अख्खा नकाशा, म्हणजे तंतूंची क्रमवार मांडणी, उरलेल्या अर्ध्यात दाटीवाटीने बसला. असा कसा हो ठरलेला पत्ता?

तर्कटराव: पण क्रम मोडला का? टेक्टमवर मागे जावं तसं एफ्रिन-ए हे तंतूंना दूर लोटणारं प्रथिन वाढत जातं. दृष्टिपटलाच्या कानशिलाकडच्या तंतूंवर त्याचे रिसेप्टर, म्हणजे ते ओळखणारे रेणू, जास्त, म्हणून ते बिचकून पुढेच थांबतात. नाकाकडचे बिनधास्त मागे जातात. सगळं रसायनच.

गवतफुल: २००० सालचा उंदरांवरचा प्रयोग बघा. दृष्टिपटलातल्या सुमारे निम्म्या गँग्लियन पेशींत (ज्यांचे तंतू मेंदूकडे जातात त्या) हा रिसेप्टर वाढवला, तर मेंदूत दोन नकाशे तयार झाले. गंमत म्हणजे ज्या पेशींना हातही लावला नव्हता, त्यांचे तंतूही मागे ढकलले गेले! आरक्षित सीटपेक्षा हे रांगेतल्या नंबरासारखं वाटतं. शेजाऱ्यापेक्षा जास्त की कमी, एवढंच बघायचं. गोल्डफिशचं कोडंही बरंचसं सुटतं.

शंकासुर: रांग मान्य. पण ती रेखीव कोण करतं? जन्मानंतर सुरुवातीला उंदराच्या दृष्टिपटलावर विजेच्या लहरी फिरतात. त्या बिघडवल्या की तंतूंची टोकं विस्कटलेली राहतात. नुसत्या रसायनाने भागत नाही.

तर्कटराव: तेव्हा पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, महाराज! दिसत काहीच नाही, मग त्यात अनुभव कुठून आला?

शंकासुर: बघण्याचा अनुभव लागतच नसेल, तर मग जन्मजात मोतीबिंदूच्या बाळाचं ऑपरेशन करायची डॉक्टर घाई का करतात?

तर्कटराव: तो व्हिज्युअल कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाह्य थरातल्या दृष्टीच्या भागाचा, मामला. डोळ्यातून निघालेले तंतू तिथवर पोचतच नाहीत, आधीच थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या ठाण्यात थांबतात. वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.