माळावर गोल मांडलेले दगड : शिलावर्तुळ आहे हे कसं ओळखायचं, नोंद कशी करायची?

वावर_धुरा

काटोल तालुक्यात नात्यातल्या एकांचं तीन एकर पडीत वावर आहे. टेकडीच्या पायथ्याला, मुरमाड. तिथे सात ठिकाणी मोठे काळे दगड गोल बसलेले आहेत. सगळ्यात मोठा गोल आडवा चालला तर पंधरा पावलांचा. आतली जमीन थोडी फुगीर, वर कुसळी आणि बाभळी. गावात कुणी गवळ्यांचे कोंडवाडे म्हणतं, कुणी खाली धन आहे म्हणतं. दिवाळीनंतर तिथेच शेततळं घ्यायचं घाटतंय. हे नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांसारखं काही असेल का, हे न खणता कसं कळेल? आणि असलं तर जेसीबी यायच्या आत काय काय टिपून ठेवायचं?

मुरूम_माती

दगडांआधी जागा पाहा. नागपूर भागातली शिलावर्तुळं बहुतेक अशाच ठिकाणी सापडतात: टेकडीचा उतार, मुरूम, पेरणीला निरुपयोगी जमीन, जवळ नाला किंवा तलाव. शिवाय ती सहसा एकटी नसतात. जुनापाणीला तीनशेच्या आसपास मोजली गेली. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा, भागीमाहारी इथेही समूहच आहेत. सात गोल एकत्र असणं ही चांगली खूण.

आता रचना. हे युरोपातल्यासारखे उभे खांब नव्हेत, ही दफनं आहेत. काळ साधारण इ.स.पू. १००० ते ३००, म्हणजे विदर्भातलं लोहयुग. मुरमात उथळ खड्डा, त्यात अस्थी (बऱ्याचदा अर्धवटच), मडकी आणि लोखंडी हत्यारं. त्यावर काळी चिकण माती, वर गोट्यांचा भराव. हा ढीग पसरू नये म्हणून भोवती मोठे दगड खेटून बसवलेले. थोडक्यात, दगडांचं कडं म्हणजे भरावाची पौळ. म्हणून आतली फुगीर जमीन दगडांपेक्षा महत्त्वाची.

एक साधी तपासणी. गोलाच्या आत वरवर दिसणारी माती आणि बाहेर दहा मीटरवरची माती शेजारी ठेवून पाहा. सगळा माळ लालसर मुरमाचा आणि गोलात तेवढी काळी माती, असं दिसलं तर ती कुणीतरी खालच्या नाल्याकडून वाहून आणलेली आहे. निसर्ग असा गोल आखून माती टाकत नाही. उकरायची गरज नाही; उंदराच्या बिळाबाहेर पडलेली माती पुरते.

फसवणाऱ्या गोष्टी:

कोंडवाडा असेल तर दगड एकावर एक रचलेले असतात, दार असतं, आतली जमीन सपाट किंवा खोल असते. खळं असेल तर आत चोपून घट्ट केलेली जमीन आणि मधोमध तिवड्याची (मळणीच्या खांबाची) जागा. शेत साफ करून टाकलेले ढीग धुऱ्याला (बांधाला) लागून असतात, त्यातले दगड हाताने उचलता येतील एवढेच, आणि त्यांना कडं नसतं. सगळ्यात जास्त फसगत होते ती बेसाल्टच्या नैसर्गिक गोट्यांनी. ते कांद्यासारखे पापुद्रे सुटून जागच्या जागी गोल होतात. ते जमिनीतूनच वर आलेले दिसतात आणि त्यांचा आकार सरसकट गोलच असतो. वर्तुळातले दगड मात्र आणून बसवलेले असल्याने बहुधा लांबट असतात आणि त्यांची सपाट बाजू एकाच दिशेला, बाहेर किंवा आत, वळलेली दिसते.

कललेला_उजेड

वरच्या सगळ्याशी सहमत. भर फक्त खळग्यांबद्दल, कारण जुनापाणीची ओळख तीच आहे. काही दगडांवर दोन-चार सेंटिमीटर व्यासाचे वाटीसारखे खळगे कोरलेले असतात, ओळीने किंवा फुलीच्या मांडणीत. भर दुपारी ते अजिबात दिसत नाहीत. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. नाहीतर दगडावर सावली धरून बॅटरी अगदी बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून मारा. खडू, पीठ, पाणी, ब्रश काही नको. खडूने रेघा ओढलेल्या दगडाचा फोटो अभ्यासाला निरुपयोगी होतो, कारण काय दिसलं आणि काय रंगवलं ते वेगळं करता येत नाही.

दोन गल्लती नेहमी होतात. बेसाल्टात वायूच्या पोकळ्या असतात; त्या वेड्यावाकड्या, कशाही विखुरलेल्या आणि कधी पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या असतात. कोरलेल्या खळग्याचा काठ गुळगुळीत आणि तळ वाटीसारखा. दुसरी गल्लत पाथरवटांच्या पाचरींच्या खुणांची. त्या चौकोनी, एका सरळ रेषेत आणि समान अंतरावर असतात, आणि दगड बऱ्याचदा त्याच रेषेत फुटलेला असतो. ते काम अलीकडचं.

खळग्यांचा संबंध सूर्य-ताऱ्यांच्या दिशांशी लावण्याचे अभ्यास झाले आहेत. माझं मत, दगड मूळ जागी आहे याची खात्री नसेल तर दिशा मोजून काही हाती लागत नाही. एक बैलजोडी दगड फिरवायला पुरेशी असते.

दिशा घ्यायचीच तर होकायंत्र दगडावर ठेवू नका, बेसाल्ट चुंबकीय असतो. पाच-सहा मीटर दूर उभं राहा, समोरून वाचन घ्या, मग पलीकडे जाऊन उलट वाचन घ्या. दोन्हींत १८० अंशांचा फरक पडला पाहिजे. पडला नाही तर जागा बदला. मोबाइलमधल्या होकायंत्रालाही हेच लागू.

वावर_धुरा

माती पाहिली. आत काळी, बाहेर तांबूस मुरूम. एका गोलाच्या मधोमध मात्र गुडघाभर खड्डा आहे आणि काठावर लाल-काळी खापरं पडली आहेत. खापरं उचलून ठेवू का? आणि शेततळं गोल सोडून बाजूला घेतलं तर चालेल ना?

मुरूम_माती

मधोमध खड्डा म्हणजे धनाच्या आशेने कुणीतरी आधीच हात मारलाय. सोनं जवळपास कधीच निघत नाही. निघतं ते गंजलेलं लोखंड, आणि तेही उघड्या हवेत आलं की पापुद्रे सुटून भुगा होतं. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळे हाडं आधीच चुरलेली असतात. माहुरझरीला घोड्यांचे अवशेष आणि त्यांच्या साजाचे तांब्याचे पत्रे मिळाले, ते कशाशेजारी कसे पडले होते ते जागेवर नोंदलं गेलं म्हणून त्यांना अर्थ आला. हातात आलेला नुसता पत्रा म्हणजे भंगारच.

खापरं उचलू नका. आहे तिथेच मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. आतून आणि तोंडाकडून काळं, खाली लाल असं एकच खापर असेल तर त्याचा काठ आणि तुटलेली कड असे दोन वेगळे फोटो हवेत. खड्डा बुजवूही नका.

प्रत्येक गोलासाठी एवढं टिपा. क्रमांक आणि मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश, दशांश चिन्हानंतर पाच आकडे (पाचवा आकडा म्हणजे सुमारे एक मीटर). मोबाइलचं जीपीएस बाभळीखाली चार-पाच मीटर सहज चुकतं, म्हणून शेजारच्या दोन गोलांच्या मध्यबिंदूंतलं अंतर टेपनेही मोजा. व्यास दोनदा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, दगडांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. दिसणारे दगड, पडलेले दगड, मोकळी जागा कुठल्या दिशेला. तीन मोठ्या दगडांची लांबी-रुंदी-उंची. भरावाची उंची काढायला दोरी ताणून गवंड्याची पातळीनळी लावा. डोळ्याचा अंदाज उतारावर हमखास चुकतो. टेप कापडी असेल तर ताणून मोजा, ढिला टेप जास्त दाखवतो.

सातबारा_सोबती

शेततळ्याचं सांगतो. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं म्हणजे खड्डा तेवढाच नसतो. बांधाची रुंदी, मातीचा ढिगारा, जेसीबी-ट्रॅक्टर फिरायची जागा धरली तर भोवतीही तेवढंच तुडवलं जातं. दफन वरच्या थरातच असतं, त्यामुळे चाकाखालचंही जातं. शिवाय गोलांच्या मधली जागा रिकामी समजू नका. शक्य असेल तर तळं वावराच्या दुसऱ्या टोकाला, नाल्याच्या अंगाला घ्या. पाणीही तिथेच जास्त साठेल, मुरमात ते प्लास्टिक अंथरल्याशिवाय टिकत नाही.

कायद्याची भीती अनाठायी वाढवली जाते. बांधकामाला १०० मीटर मनाई आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीचा पट्टा हा नियम प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने घातला गेला, आणि तो केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांना लागतो. नुसतं कळवल्याने वावर सरकारजमा होत नाही. उद्या संरक्षणाचा विचार झालाच तर आधी दोन महिन्यांची नोटीस निघते आणि हरकत घेता येते. उलट, जमिनीत मौल्यवान काही सापडून लपवलं तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे; दहा रुपयांवरच्या ऐवजाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, आणि तो संस्थेला मिळतो, जमीनमालकाला नाही.

अर्ज एक पान पुरे. गट क्रमांक, सातबाराची प्रत, मालकाची सही, हाताने काढलेला नकाशा आणि प्रत्येक गोलाचे दोन फोटो. एक प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला, एक सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला, एक तहसीलदारांना. पोच घ्या. फोटो आणि ठिकाण फेसबुकवर टाकू नका; मधला खड्डा कुणी केला असेल ते आठवा.

वावर_धुरा

पहिला गोल मोजला. ११.४ आणि ११.२ मीटर. दिसणारे दगड २६, पडलेले ३. भराव ४० सेंटिमीटर. कडं एका ठिकाणी तुटलंय, तिथून बैलगाडीची जुनी वाट जाते. तळ्याची जागा नाल्याकडे सरकवायला घरचे तयार आहेत, फक्त जेसीबीचं भाडं पुन्हा ठरवावं लागेल.

मुरूम_माती

उत्तम. तुटलेली जागा कुठल्या दिशेला ते राहिलं. आणि भराव कुठून मोजला, चढाकडून की उताराकडून? दोन्हीकडून मोजा, उतारावर दोन आकडे येतात.