सोसायटी ग्रुप: गेटच्या रस्त्यावरचा अंधार

सेक्रेटरी: गेटपासून पार्किंगपर्यंतच्या रस्त्याबद्दल. वायरमन येऊन गेला. जमिनीखालची केबल तुटली आहे, कुठे ते सापडत नाही. नवीन टाकायची तर ४० मीटर काँक्रीट फोडावं लागेल, ते या वर्षी होणार नाही. तोवर बॅटरीवरचे दिवे लावायचं ठरलं आहे. कोणते घ्यावेत ते सुचवा. कृपया विषयाला धरून बोला.

घर १: पाण्याची टाकी कधी धुणार?

सेक्रेटरी: 🙏 विषयाला धरून.

घर ६: एकच मोठा सोलर फ्लडलाइट लावून टाका गेटच्या खांबावर. वर फोटो टाकलाय बघा, ३०० वॅटचा आहे. अख्खा रस्ता उजळेल.

घर ९: आणि माझी बेडरूमसुद्धा. खिडकी नेमकी वळणावर आहे, विसरू नका.

घर ४: फोटो बघितला. पॅनेल वहीएवढं आहे रे. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं, त्यातला पाचवा हिस्सा वीज झाली तरी पुष्कळ. वहीएवढ्या तुकड्यातून ५-६ वॅट आले तर पॅनेल चांगलं म्हणायचं. मग ३०० वॅट येणार कुठून? बॉक्सवर वॅट वाचूच नकोस, ल्युमेन वाच, म्हणजे दिवा उजेड किती देतो तो आकडा.

घर ६: काका, पण सोलरला कोणाला काही करावं लागत नाही. बॅटरी चार्ज करत कोण बसणार?

घर ४: तो मुद्दा बरोबर आहे. पण आपल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडं आहेत. पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज निम्म्याहून खाली येऊ शकते, कारण आतले सेल एका माळेत जोडलेले असतात. वर ढगाळ आठवडा आला की संपलंच. पॅनेल वेगळं, लांब वायरचं असेल आणि गच्चीवर नेता येत असेल तर बोलू.

घर २: मी जरा वेगळं बोलते. आपण रस्ता कोणासाठी उजळतोय? गाडीला तिचे हेडलाइट असतात. अंधारात असतो तो पायी चालणारा. मागच्या आठवड्यात सासूबाईंचा पाय चेंबरच्या झाकणाशी मुरगळला. समोरून गाडी आली म्हणून त्या कडेला झाल्या, हेडलाइटने डोळे दिपले आणि गाडी गेल्यावर काहीच दिसेना.

घर ९: अगं बाई, बऱ्या आहेत ना आता?

घर २: हो, सूज उतरली. काल रात्री टॉर्च न लावता तीन वेळा चालून बघितलं. पाय अडखळतो अशा तीनच जागा आहेत: गेटच्या आतला उतार, ते चेंबर आणि पार्किंगची पायरी. बाकी रस्ता सपाट आहे, डोळे सरावले की दिसतो.

घर ४: ताई, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. मोठा मेसेज टाकतोय, कंटाळू नका.

एकच दिवा गेटवर लावला तर अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. १० मीटरवर जेवढा पडेल त्याचा सोळावा हिस्सा ४० मीटरवर. म्हणजे गेटशी डोळे दिपतील आणि पायरीपाशी काहीच पोचणार नाही. शिवाय झगझगीत उजेडातून अंधारात शिरलं की डोळे पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात. तोवर आपण घरी पोचून झोपलेलोही असतो. त्यापेक्षा त्या तीन जागांवर तीन लहान दिवे, १५० ल्युमेनच्या आसपासचे, खाली तोंड केलेले.

आता बॅटरी. १५० ल्युमेनला दीड वॅट धरा. माणूस आला की ३० सेकंद पेटायचा, रात्रीतून ४० वेळा. एकूण २० मिनिटं, म्हणजे अर्धा वॅट-तास. आत २००० एमएएचचा (सेलमध्ये वीज किती मावते त्याचं माप) एक लिथियम, म्हणजे चार्ज होणारा, सेल असेल तर त्यात ७.४ वॅट-तास असतात, हिशेबाने चौदा रात्री. पण माणूस आला हे ओळखणारा सेन्सर स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून दहा-बारा धरा. टॉर्चचे जाडे अल्कलाइन सेल चार घातले तर तीन महिने आरामात निघतील. हाच दिवा रात्रभर चालू ठेवला तर लिथियमवाला पाच तासांत झोपेल. म्हणून सेन्सर हवाच.

घर ६: ९९०० एमएएचचे सेल मिळतात की काका. मग एकदा चार्ज केलं की महिनाभर बघायला नको.

घर ४: मिळतात, लेबलवर. बोटाएवढ्या त्या सेलला १८६५० म्हणतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. त्यात ३५०० च्या आसपास खरे मावतात. मी मागे एक दिवा उघडला होता. वर ४००० छापलेलं, पण हातात घेतला तर पोकळ वाटला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, २८ ग्रॅम. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो.

घर ३: मग जाडे सेलच घ्या ना, चार्जिंगची भानगडच नको.

घर ४: त्याचं दुखणं वेगळं. सेल संपूनही आत राहिले की गळतात. माझ्या जिन्याच्या दिव्यात स्प्रिंगवर पांढरा भुगा जमला होता. कान साफ करायच्या काडीने व्हिनेगर लावून खरवडला, तरी एक पत्री गेलीच. आणि जुने-नवे सेल एकत्र घालायचे नाहीत. कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याला उलटा ढकलतात आणि तो गळतो. चार संपले की चारही बदलायचे. तीन महिन्यांनी ते लक्षात ठेवेल असं कोणी आहे का आपल्यात?

घर ३: 🙈

घर ९: माझा प्रश्न राहिलाच. खिडकीसमोर रात्री ४० वेळा लाइट पेटणार आहे का?

घर ४: नाही वहिनी. चेंबरजवळचा दिवा कंपाउंडच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर लावू, वर झाकण असलेला. उजेड फक्त खाली पडेल. रंग पिवळसर घेऊ, ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, बॉक्सवर असतं) किंवा त्याहून कमी. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त येतात.

घर ६: सेन्सर गेटकडे तोंड करून लावू, म्हणजे लांबूनच कळेल.

घर ४: उलट होईल. हा सेन्सर शरीराची उष्णता ओळखतो, आणि तीसुद्धा हलताना. समोरून आडवा गेलास तर लगेच दिसतोस, सरळ त्याच्या अंगावर चालत आलास तर जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. म्हणून बाजूच्या भिंतीवरून रस्त्याकडे तोंड. गेट आणि पायरीचे दोन दिवे २ ते अडीच मीटर उंचीवर. फार उकाडा असला की पल्ला कमी होतो, कारण हवा आणि माणूस त्याला सारखेच गरम भासतात.

घर ५: पावसाचं काय?

घर ४: उघड्यावरच्या दिव्यावर आयपी ६५ लिहिलेलं हवं, धूळ-पाणी किती सोसेल तो आकडा. ४४ म्हणजे नुसते शिंतोडे सोसेल. चार्जिंगच्या भोकाचं रबर नीट बसतंय का, हे दिवा हातात घेऊनच बघायचं. पाणी शिरतं ते तिथूनच.

घर २: आणि कडेला त्या चकाकणाऱ्या पट्ट्या लावता येतील का? सायकलच्या मागे असतात तशा. गाडीवाल्याला वळण गाडीच्याच हेडलाइटमध्ये दिसेल, बॅटरीही लागणार नाही.

घर ४: वा! हे मला सुचायला हवं होतं.

घर ६: म्हणजे माझा फ्लडलाइट गेलाच 😔

घर ९: गेला. झोपू दे आम्हाला.

सेक्रेटरी: ठीक. आधी एकच दिवा आणू, चार्जिंगचा, चेंबरजवळ. आठ दिवस चालवून बघू, मग बाकीचे दोन. चार्जिंग कोण करेल?

घर ६: मी करतो. तसाही रात्री उशिरा मीच येतो.

(चार दिवसांनी)

घर ९: तो दिवा काल रात्री दर दोन मिनिटांनी पेटत होता. उजेड खिडकीत येत नाही हे खरं, पण पडद्याच्या फटीतून बघितलं तर रस्त्यावर चिटपाखरूही नाही!

घर ६: तरीच सकाळी बॅटरी लाल दाखवत होती. सेन्सर खराब निघाला का काका?

घर ४: बदलून आणायच्या आधी सेन्सरवरच्या प्लास्टिकच्या भिंगाजवळ नीट बघ. कोळ्याने जाळं केलं असेल. किडे उजेडाला येतात आणि कोळी त्यांच्या मागे. भिंगाला खेटून एवढासा कोळी फिरला तरी सेन्सरला तो मोठा वाटतो.

घर ६: आहे! भिंगावरच बसलाय.

घर ४: कोरड्या मऊ फडक्याने पूस. नखाने खरवडू नकोस, प्लास्टिकवर ओरखडे येतील. आणि संध्याकाळपर्यंत चार्ज करून परत लाव.

घर २: सासूबाई साडेआठला फेरी मारायला निघतात. त्याआधी लागेल का?

घर ६: आठला लावतो, ताई.

घर १: टाकी?