बॅकअप, आर्काइव्ह, मिरर: शब्द कुठला आणि टेप की डिस्क?

प्रश्न : कंपनीचं डेटा-धोरण मराठीत लिहितोय. बॅकअपला 'राखीव प्रत' आणि आर्काइव्हला 'अभिलेख' म्हणू, की दोन्हींना सरळ 'बॅकअप'? पुढचं कलम टेप घ्यायची की डिस्क याचं आहे.

उत्तर : दोन्हींना एकच शब्द नको, नाहीतर ते पुढचं कलम फसेल. बॅकअप ही चालू डेटाची दुसरी प्रत. मूळ डेटा जागेवरच असतो. आर्काइव्ह म्हणजे रोजच्या वापरातून काढून बाजूला ठेवलेला, पण जपायचा डेटा. 'काल उडालेली फाइल द्या' ही मागणी बॅकअपची, आणि तिथे डिस्क सोयीची, कारण ती थेट त्या फाइलपाशी जाते. टेपचं कार्ट्रिज (चुंबकीय फितीची डबी) आधी शोधायचं, ड्राइव्हला लावायचं आणि मग फीत हव्या जागेपर्यंत पळवायची. एलटीओ या टेप-प्रकाराच्या नवव्या पिढीची, म्हणजे एलटीओ-९ची, फीत हजार मीटरहून लांब आहे! मात्र एकदा जागेवर पोचली की सेकंदाला ४०० एमबीपर्यंत वाचते, त्यामुळे 'टेप हळू असते' हे अर्धवट विधान आहे. उलट डेटा तिला हळू पुरवला, तर फीत थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. याला या धंद्यात 'शू-शायनिंग' म्हणतात. म्हणून बरेच जण आधी डिस्कवर बॅकअप घेतात आणि तिथून टेपवर उतरवतात.

शब्दांचं म्हणाल तर 'राखीव प्रत' अर्थाला बरोबर आहे, पण 'राखीव प्रत घेतलीस का?' असं कोणी विचारत नाही. 'अभिलेख'ला सरकारी दप्तराचा वास येतो. मी बॅकअप आणि आर्काइव्ह हेच ठेवीन आणि सुरुवातीला व्याख्या देईन.

दुसरं उत्तर : त्या व्याख्यांत 'मिरर' (तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणं) हा बॅकअप नव्हे, हेही लिहा. एका डिस्कवर फाइल पुसली की दुसरीवरूनही जाते. फेब्रुवारी २०११मध्ये स्टोरेज सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतल्या मेलच्या सगळ्या ऑनलाइन प्रती गेल्या होत्या. गूगलने त्या टेपवरून परत आणल्या. 'ऑफलाइन'चा अर्थही ठरवून टाका. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेली टेप ऑफलाइन. सर्व्हरला कायम जोडलेली डिस्क नाही, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) तिथवर पोचतं.

प्रश्नकर्ता : कोटेशनमध्ये एलटीओ-९ची क्षमता ४५ टीबी आहे. तीच लिहू?

उत्तर : नको, 'मूळ क्षमता १८ टीबी' लिहा. ४५चा आकडा २.५ पट कॉम्प्रेशन गृहीत धरून येतो, आणि व्हिडिओ किंवा एन्क्रिप्ट केलेल्या फाइली फारशा दाबल्या जात नाहीत. आर्काइव्हच्या कलमात 'टेप ३० वर्षं टिकते' असंही वाक्य असणारच. तिथे टेप किती वर्षं 'टिकते' याऐवजी किती वर्षं 'वाचता येते' ते लिहा. एलटीओ-९चा ड्राइव्ह फक्त आठव्या आणि नवव्या पिढीची कार्ट्रिजं वाचतो, तेव्हा जुन्या टेप नव्या पिढीवर कधी उतरवायच्या ते वर्ष त्याच कलमात घाला.