प्लेस्टेशन ५ की एक्सबॉक्स सिरीज एक्स: टेराफ्लॉप्सच्या आकड्यावर किती विसंबावे?

दूरचा_दिवा

नमस्कार. पुढच्या महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर २०२० मध्ये, १० तारखेला एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि १२ तारखेपासून काही देशांत सोनीचा प्लेस्टेशन ५, ही व्हिडिओ गेम खेळण्याची दोन यंत्रे विक्रीस येत आहेत. दोन्हींची माहितीपत्रके शेजारी ठेवून वाचली, पण निर्णय होत नाही. प्रोसेसर दोन्हींत एएमडीचा, आठ कोअरचा आणि झेन २ रचनेचा आहे, मेमरीही दोन्हींत १६ जीबीच आहे. ठळक फरक दिसतो तो ग्राफिक्सच्या आकड्यात: एक्सबॉक्सचे १२.१५ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिती क्रिया), तर प्लेस्टेशनचे १०.२८. हा सुमारे १८ टक्क्यांचा फरक खेळताना जाणवेल का? माझ्याकडे सध्या प्लेस्टेशन ४ आणि त्याच्या तीसेक डिस्क आहेत, टीव्ही ४के (२१६० ओळींचा) पण ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा) आहे, आणि मी मुख्यतः एकट्याने खेळायचे, मोठ्या कथेचे खेळ खेळतो.

गणिती_गडी

टेराफ्लॉप्स हा कोणी खेळ चालवून मोजलेला वेग नाही, तो निव्वळ गुणाकार आहे. सिरीज एक्समध्ये ५२ कम्प्युट युनिट (ग्राफिक्स चिपमधले हिशेब करणारे गट) आहेत, प्रत्येकात ६४ शेडर (हिशेब करणारे लहान घटक) आहेत, प्रत्येक शेडर घड्याळाच्या एका ठोक्याला दोन क्रिया करतो आणि घड्याळ १.८२५ गिगाहर्ट्झने चालते. हे सारे गुणले की १२.१५ हाती येते. प्लेस्टेशन ५ मध्ये युनिट ३६च आहेत, पण त्यांची गती २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत जाते. युनिट जास्त असले की त्या सर्वांना सतत कामाला लावणे अवघड होते, आणि गती जास्त असली की ग्राफिक्स चिपचे इतर भागही त्याच वेगाने धावतात, त्यामुळे प्रत्यक्षातली तफावत कागदावरच्यापेक्षा कमी राहावी असा माझा अंदाज आहे.

एक्सबॉक्सची बाजू मात्र कमकुवत नाही. त्याची गती स्थिर आहे, तर प्लेस्टेशनची ठरावीक विजेच्या मर्यादेत कामाच्या भारानुसार कमी-जास्त होते. शिवाय एक्सबॉक्समधली १० जीबी मेमरी सेकंदाला ५६० जीबी वेगाने चालते (उरलेली ६ जीबी ३३६ने), आणि प्लेस्टेशनमधली सगळीच ४४८ने.

आता तुमच्या पडद्याकडे येऊ. हल्लीचे बरेच खेळ भार वाढला की रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, संख्या) आपोआप उतरवतात. समजा ही सारी १८ टक्के ताकद पिक्सेलवरच खर्च झाली, तर लांबी आणि रुंदीत प्रत्येकी जेमतेम नऊ टक्के फरक पडतो: एका यंत्रावर २१६० ओळी, तर दुसऱ्यावर साधारण १९९०. सोफ्यावर बसून एवढा फरक ओळखणारे डोळे मी तरी अजून पाहिलेले नाहीत.

संथ_प्रवासी

वरील हिशेब मान्य आहे, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती साठवण. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान साठवण) सेकंदाला ५.५ जीबी माहिती वाचते, सिरीज एक्सची २.४ जीबी; माहिती संकुचित असेल तर हे आकडे अनुक्रमे ८ ते ९ आणि ४.८ इतके होतात. हार्ड डिस्कच्या काळात हाच वेग सेकंदाला ५० ते १०० एमबीच्या आसपास होता.

पात्राला लिफ्टमध्ये कोंडून उगाच गप्पा मारायला लावणे, किंवा दोन खडकांमधल्या फटीतून अंग चोरत हळूहळू सरकायला लावणे, हे कथेच्या गरजेपोटी होते असे अनेकांना वाटते. बहुतेकदा पलीकडचा प्रदेश डिस्कवरून मेमरीत येईपर्यंत वेळ काढण्याची ती युक्ती असते. मोठ्या कथेचे खेळ खेळणाऱ्याला हा बदल सर्वांत आधी जाणवेल. मात्र दोन्ही यंत्रांसाठी निघणारे खेळ संथ एसएसडी गृहीत धरूनच बांधले जातील, त्यामुळे प्लेस्टेशनचा जादा वेग खऱ्या अर्थाने त्याच्या स्वतःच्या खेळांतच कामी येईल.

जागेचे पारडे मात्र एक्सबॉक्सकडे झुकते: ८२५ जीबीसमोर १ टीबी, आणि मागच्या खाचेत बसणारे १ टीबीचे कार्ड पहिल्या दिवसापासून वापरता येईल. अनेक खेळ अर्ध्यावर सोडून पुन्हा त्याच क्षणी उचलण्याची क्विक रिझ्युमची सोयही तिथेच आहे.

दूरचा_दिवा

आभारी आहे. मग प्लेस्टेशन ५ चा डिस्क ड्राइव्ह नसलेला डिजिटल एडिशन किंवा एक्सबॉक्सचा लहान, तसाच ड्राइव्ह नसलेला सिरीज एस घ्यावा का? आणि जुने कंट्रोलर चालतील का?

गणिती_गडी

तीस डिस्क असताना ड्राइव्ह नसलेले यंत्र मुळीच घेऊ नका, त्या सगळ्या निकामी ठरतील. सिरीज एस तर ४ टेराफ्लॉप्सचा आणि १४४० ओळींच्या चित्रासाठी बनवलेला आहे, तुमच्या टीव्हीला तो अपुरा पडेल. प्लेस्टेशन ४ चे बहुसंख्य खेळ प्लेस्टेशन ५ वर चालतील असे सोनीने सांगितले आहे. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर, ड्युअलशॉक ४, मात्र फक्त त्या जुन्या खेळांपुरताच उपयोगी. नव्या खेळांना प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स कंट्रोलरच लागेल, कारण धनुष्याची दोरी ताणताना ट्रिगरच बोटाला विरोध करील अशी त्याची घडण आहे. एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर सिरीज एक्सच्या नव्या खेळांनाही चालतात, पण ते तुमच्याकडे नाहीत.

दूरचा_दिवा

म्हणजे ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ नक्की. फक्त टीव्हीखालच्या कप्प्याची उंची आत्ताच मोजली, ती २५ सेंटीमीटर भरली, आणि हे यंत्र ३९ सेंटीमीटर उंच आहे.

संथ_प्रवासी

आडवे ठेवा. सोबत येणारा स्टँड त्यासाठी फिरवून बसवता येतो, आणि आडवे असताना उंची सुमारे साडेदहा सेंटीमीटरच राहते. खोली २६ सेंटीमीटर आहे. गरम हवा मागून बाहेर पडते, तेव्हा कप्प्याला मागे फळी असेल तर ती आधी काढा.