ऊर्जाबचतीच्या पॉडकास्टमध्ये आमचा बंब कुठे आहे?

येरळाकाठ

परवा या मंचावर एक धागा आला होता. शाश्वत जगण्यावरचे पॉडकास्ट प्रत्येक मराठी घरात लागले पाहिजेत, असं त्यात म्हटलं होतं. लेखकाने ऐकून शिकलेल्या गोष्टीही दिल्या होत्या: एसी २४ वर ठेवा, चार्जर भिंतीतून काढा, टीव्ही रिमोटने नको बटणाने बंद करा, पाच तारे बघून फ्रिज घ्या. आणि शेवटी एक वाक्य, "गावाकडे याबाबत अजून जागृती नाही." दोन दिवस गप्प बसलो, पण ते वाक्य पचेना. म्हणून हे वेगळं लिहितोय.

मी विट्याजवळ राहतो. डेअरीवर दूध घालायला जाता-येता माझ्याही कानात पॉडकास्ट असतात. अमेरिकेतल्या डेव्हिड रॉबर्ट्स यांचा 'व्होल्ट्स' ऐकतो, दोन-तीन मराठीही ऐकतो. रॉबर्ट्स हीट पंपावर तासभर बोलतात ते मला पटतं, कारण त्यांच्याकडे थंडीत अख्खं घर गरम करावं लागतं. ते त्यांच्या गावचं बोलतात. आपले लोक मात्र तेच उचलून मराठीत सांगतात. भिंतींना उष्णतारोधक थर द्या म्हणे. माझ्या घराला अजून पत्रा आहे.

आता हिशेब बघा. रिकामा चार्जर भिंतीत राहिला तर एक वॉटही खात नाही. ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा लावला आणि तो दहा तास फिरला, तर दिवसाला ०.४५ युनिट वाचतं. चांगलंच आहे, मी स्वतः दोन लावलेत. पण २० लिटरची बादली २० अंशांवरून ४२ वर न्यायची तर विजेवर अर्धं युनिट जातं. चार माणसं, चार बादल्या, महिन्याला ६० युनिटं. आणि विहिरीवरची पाच एचपीची मोटर तासाला साडेचार-पाच युनिटं ओढते. पंख्याची दहा दिवसांची बचत मोटर तासाभरात संपवते.

म्हणजे आमची ऊर्जा जाते आंघोळीच्या पाण्यात आणि उसाच्या पाण्यात. मी ऐकलेल्या एकाही भागात पाणी तापवायचा बंब, सोलर हीटर किंवा मोटर यावर पाच मिनिटंसुद्धा नव्हती. जागृती आमच्याकडे नाही की सांगणाऱ्यांकडे नाही?

शाहूपुरीचा

तो धागा माझाच. गावाबद्दलचं वाक्य घाईत लिहिलं गेलं, ते मागे घेतो. बाकीचं मागे घेणार नाही.

मी नोकरीला पुण्यात, आई-बाबा साताऱ्यात. पॉडकास्ट ऐकूनच मला कळलं की तारे दरवर्षी तेच राहत नाहीत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो निकष वरचेवर कडक करतो, त्यामुळे जुना पाच तारे फ्रिज आजच्या निकषात खाली घसरतो. दुकानदार हे सांगत नाही, आमच्या दुकानदाराने तर जुन्या सालचा फ्रिज नवा म्हणून गळ्यात मारला होता. ऐकल्यावर मी लेबलवरचं साल बघायला लागलो. आई-बाबांकडे चार पंखे बदलले, महिन्याचं बिल १०० युनिटांच्या आत आलं. वरच्या टप्प्यात दर कसा चढतो ते इथे कुणाला सांगायला नको.

तुमचा हिशेब बरोबर आहे. पण ज्याच्याकडे विहीर नाही त्याने काय करायचं? सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज इथे फ्लॅटमध्ये राहणारेही मराठीच आहेत. त्यांच्यासाठी कुणी बोललं तर त्यात राग कसला?

कवठेकर आजोबा

बंबाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात तांब्याचा बंब माझ्या वडिलांच्या लग्नापासून आहे. त्याचं धुराडं पाण्याच्या मधून वर जातं, त्यामुळे जाळाची धग चहूबाजूंनी पाण्यालाच लागते. चुलीवर पातेलं ठेवलं तर बहुतेक जाळ बाहेर जातो. बंबात मक्याची बुरकुंडं, तुराट्या, शेंगांची टरफलं काहीही चालतं. शेतातला कचरा जळतो, राख पुन्हा शेतात. विजेचं एक युनिट नाही. याच्याइतकं शाश्वत काय आहे ते मला पॉडकास्टवाल्यांनी सांगावं.

पाटणची लेक

आजोबा, तुमच्या घरी बंब पेटवतं कोण?

माझ्या सासरी मी पेटवते. पावसाळ्यात आमच्याकडे जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही, सरपण ओलं असतं. पहाटे पाचला उठून फुंकणीने फुंकत बसायचं, डोळ्यांतून पाणी, छातीत धूर. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की उरलेलं कोमट पाणी मला. उन्हाळ्यात रानात जाऊन सरपण गोळा करायचं तेही बायकांनीच. तुमच्या हिशेबात वीज शून्य असेल, पण माझे रोजचे दोन तास कुठल्या मीटरवर मोजायचे?

आणि वीज वाचवा हे आम्हाला कुणी शिकवू नये. कोयनेचं धरण आमच्या खोऱ्यात. प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. त्यासाठी आमच्या आजोळची जमीन पाण्याखाली गेली, माणसं सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. पाणी पश्चिमेकडे वळवून वीज झाली ती बाहेर गेली. आमच्या वाडीत दिवा कितीतरी वर्षांनी आला. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप माझ्या आईने अंगणात रात्र काढून सोसला. आम्ही आमच्या वाट्याची बचत कधीच करून बसलोय.

कवठेकर आजोबा

कोयना कुठून आली मध्येच? मी बंबाबद्दल बोलत होतो. आमच्याकडे बंब मी स्वतः पेटवतो, वयाच्या बाराव्या वर्षापासून. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

पाटणची लेक

कोयना मध्येच आलेली नाही. ऊर्जा म्हटलं की आम्हाला आधी तीच आठवते. तुम्ही पेटवता हे चांगलं आहे. तुमच्या गल्लीत किती पुरुष पेटवतात ते मोजून सांगा, मग बोलू.

मिरजेचा डॉक्टर

बंबाला शेतातला कचरा लागतो हे अर्धं खरं. माझ्याकडे खोकल्याच्या बायका येतात. विचारलं की कळतं, पेटवायला प्लास्टिकची पिशवी, जुनी चप्पल, सायकलच्या टायरचा तुकडा वापरतात. पटकन पेट घेतं म्हणून. तो धूर न्हाणीघरात कोंडतो. आजोबा, तुमचा बंब अंगणात असेल तर ठीक. न्हाणीत असेल तर आज बाहेर काढा, विनंती करतो. यावर एक सविस्तर भाग मराठीत कुणी केला तर मी स्वतः बोलायला तयार आहे.

वाईकर

मग सोलर हीटर घ्या ना सगळ्यांनी, प्रश्न मिटला.

असं मीही सहा वर्षांपूर्वी म्हणालो होतो. पहिल्या वर्षी माकडांनी नळ्या फोडल्या. दुसऱ्यांदा बसवल्या, वरून जाळी मारली, तर पाणी बोअरचं. दोन वर्षांत नळ्यांत क्षाराचा पांढरा थर बसला, पाणी गरम व्हायला दुपार उजाडायची. विकणाऱ्याने जाताना सांगितलं असतं की वर्षाला साफ करावं लागेल, तर केलं असतं. आता टाकी गच्चीवर आहे आणि न्हाणीत गीझर.

माणदेशी

वाईकर, तुमच्याकडे माकडं, आमच्याकडे पाणीच नाही. सोलरचं गरम पाणी येईपर्यंत नळीतलं गार पाणी सोडून द्यावं लागतं, बादलीभर तरी. ज्या घरात टँकरचं पाणी पिंपात मोजून भरतात तिथे ती बादली ओतून देताना हात थरथरतो. मी ती बादली बाजूला ठेवून भांडी घासायला वापरते. मोठं तंत्रज्ञान नाही हे, पण कुठल्याही भागात ऐकलं नाही.

आणि ऐकण्याबद्दल सांगते. पॉडकास्ट हा शब्द आमच्याकडे यायच्या आधी म्हसवडला माणदेशी तरंग हा गावचा रेडिओ सुरू झाला, २००८ साली. जत तालुक्यात जालिहाळला तसाच येरळावाणी आहे. तिथे शेजारीण बोलते, आपल्या बोलीत, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात भेटली की तिला विचारता येतं. पॉडकास्टवाल्या माणसाला कुठे गाठायचं? आधी हे रेडिओ ऐका, मग आम्हाला काय ऐकायचं ते सांगा.

शाहूपुरीचा

ताई, हे मला माहीत नव्हतं. साताऱ्यात वाढून माहीत नव्हतं, याचं वाईट वाटतं. पण सामुदायिक रेडिओ दहा-पंधरा किलोमीटरच्या बाहेर फारसा ऐकू येत नाही. तुमची बादलीची गोष्ट मला पुण्यात ऐकायची असेल तर ती रेकॉर्ड होऊन फोनवरच यावी लागेल. म्हणजे पॉडकास्टच झाला.

वायंडिंगवाला, तासगाव

सगळे न्हाणीघरात अडकलेत. धागा काढणाऱ्या दादांनी मोटरीचं लिहिलं त्याकडं कुणी बघितलंच नाही. माझं वायंडिंगचं दुकान हाय, २२ वर्षं झाली. रोज जळलेल्या मोटरी येत्यात.

एका भागात एक साहेब म्हणत होते की शेतकरी स्वस्त मोटर घेतो कारण त्याला कार्यक्षमता कळत नाही. आवो, त्याला सगळं कळतं. डीपीवर, म्हंजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवर लोड जास्त, थ्री फेजचं व्होल्टेज तीनशेच्या खाली. पाच ताऱ्यांची मोटर तिथं आठ दिवसांत जळती. म्हणून तो जाड तारेची, दणकट, जास्त वीज खाणारी मोटर घेतो, कारण ती कमी व्होल्टेजला तग धरती. जळली की माझ्याकडं. मी नवी तार भरून देतो. दोन-तीनदा भरल्यावर ती पहिल्यासारखी राहत न्हाई, तेवढंच पाणी उचलायला जादा वीज घेती. हे मीच सांगतोय, माझ्या धंद्याच्या विरोधात.

कपॅसिटर लावला तर व्होल्टेज सुधारतं. पण एकट्यानं लावून भागत न्हाई, डीपीवरच्या सगळ्यांनी लावला पायजे. आमच्या गावात चौदा जणांनी एकदम लावले. त्या हंगामात माझ्याकडं त्या डीपीवरची एकच मोटर आली. यावर करा की भाग. फूटव्हॉल्व्ह, पाइपातले बाक, कपॅसिटर. मी बोलतो.

शाहूपुरीचा

दादा, पण एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत कृषिपंपाचं बिलच भरावं लागत नाही. मग शेतकरी कपॅसिटरला पैसे का घालेल? पंप ऑटोवर टाकून झोपतात, रात्री वीज आली की पाणी बांध फोडून रस्त्यावर. हे मी डोळ्यांनी बघतो प्रत्येक दिवाळीत.

येरळाकाठ

आता मात्र हद्द झाली. ऑटोवर टाकून का झोपतात ते विचारलंत का कधी? वीज रात्रीच्या पाळीला येते. शिराळ्यात, कऱ्हाडकडे उसात बिबट्या आहे. माझ्या चुलत्याला पाणी पाजताना घोणस चावली, रात्री अडीच वाजता. सांगलीला नेईपर्यंत आम्ही काय भोगलं ते इथे लिहिणार नाही. वाचला, पण पाय अजून सुजतो. दिवसा वीज द्या, कोण ऑटो लावतंय बघू. उबदार खोलीत बसून बांधावरच्या माणसाला नावं ठेवू नका.

शाहूपुरीचा

मी नावं ठेवली नाहीत. काकांचं वाचून वाईट वाटलं. पण पाणी वाया जातं हेही खरं आहे, आणि ते जमिनीलाही मारतं. कृष्णाकाठची क्षारपड रानं त्यानेच झाली ना?

येरळाकाठ

झाली. ते मान्य करावं लागेल. आमच्या पाहुण्यांची बोरगावकडची दोन एकर पांढरी पडली, त्यात आता लव्हाळा उगवतो. जास्तीचं पाणी आणि निचरा नाही, दोन्ही कारणं. दिवसाची वीज हवीच, पण फुकट आहे म्हणून मोटर चालू ठेवणारे आमच्यातही आहेत. हे लिहायला जड जातंय.

फलटणचा

एक राहिलं. अमेरिकेचे दाखले देताना आपल्याच जिल्ह्यातलं कुणी बोलत नाही. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून आहे. अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिकेतून येऊन तिथे राहिले. खेड्यातल्या घरासाठी कंदील, स्टोव्ह, गोड ज्वारीपासून इथेनॉल यावर त्यांनी काम केलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. एसटीने जाता येईल अशा अंतरावर एवढं असताना आम्ही पलीकडच्यांचे भाग का भाषांतरित करायचे?

कवठेकर आजोबा

डॉक्टरसाहेब, बंब न्हाणीतच होता. आज नातवाला घेऊन अंगणात, गोठ्याच्या भिंतीलगत हलवला. धुराडं दीड हात वाढवून घेणार आहे. बंब सोडणार नाही. आणि पाटणच्या लेकी, गल्लीत मोजले. अकरा घरांत बंब आहे, पुरुष पेटवतात दोन घरांत.

पाटणची लेक

मोजलंत, हे पुष्कळ झालं आजोबा.

शाहूपुरीचा

येरळाकाठ, मी पंख्यांच्या बाबतीत माघार घेत नाही. पण पुढच्या महिन्यात चार दिवस साताऱ्याला आहे. माझ्याकडे बरा माइक आहे. तासगावला वायंडिंगच्या दुकानात, म्हसवडला आणि पाटणला येऊन रेकॉर्ड करतो. जे म्हणाल ते कापणार नाही. चालेल का?

वायंडिंगवाला, तासगाव

सोमवारी नको, बाजार असतो. बाकी कवाबी या. दुकानात आवाज लई, मागं रानात डीपीजवळ बसू.

पाटणची लेक

माझ्याकडे यायचं तर पहाटे पाचला या. तेव्हाच बंब पेटलेला असतो. आणि येताना कोरडं सरपण घेऊन या.