मुधोळच्या पिल्लाला काय खायला घालायचं? घरात प्रत्येकाचं वेगळं मत

मलप्रभाकाठची:

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरजवळ राहतो. शेती आहे, दोन म्हशी, एक गाय. मिस्टरांच्या मामांनी लोकापूरकडून मुधोळ जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणून दिलंय. नाव चंप्या. वय साडेचार महिने, वजन 10 किलो (दूध डेअरीच्या काट्यावर बसवताना सगळ्या डेअरीची करमणूक झाली).

आता घरातली परिस्थिती ऐका. सासूबाई म्हणतात, दूध-भाकरी घाल, त्यांच्या माहेरी उचगावला सगळी कुत्री ताक-भाकरीवर वाढली. मिस्टर म्हणतात, कुत्रं म्हणजे लांडग्याची जात, मटणाच्या दुकानातून आतडी-फुफ्फुस आणून कच्चंच घाल, स्वस्तात काम होतंय. धाकटे दीर पुण्याला असतात, त्यांनी ऑनलाइन ‘ग्रेन-फ्री’ खाद्याची भली मोठी पिशवी पाठवून दिली, आणि ती मोठ्या कुत्र्यांची आहे. मुलं लपवून कुंदा चारतात. शेजारच्या काकू रोज येऊन सांगतात, पिल्लाच्या बरगड्या दिसायला लागल्यात, उपाशी मारता काय गं.

वाडगं मीच भरते, म्हणून विचारते. नक्की काय घालू? चंप्या सगळंच खातंय, त्याला मत नाही.

टिळकवाडीकर:

एवढा विचार कशाला? आमचं लॅब्रॅडोर वरण-भात, आमटी-भाकरी सगळं खातंय, आजवर काही झालेलं नाही. जे आपण खातो ते कुत्र्यानं खायचं.

शहापूरचा तात्या:

ताई, मी गुरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालोय. डॉक्टर नव्हे. जनावर धरणं, ड्रेसिंग, नोंदी, औषधं काढून देणं हे माझं काम. म्हणून मला डोस विचारू नका, खाण्याचं विचारा.

आधी शेजारच्या काकूंचा निकाल लावू. मुधोळ, ज्याला जुनी माणसं कारवानी म्हणतात, ते पळायचं कुत्रं. पूर्ण वाढलं तरी 20 ते 28 किलोच्या आसपास. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणारच, ते तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. हात फिरवून बघा. बरगडी बोटाला लागते पण वर पातळसा थर आहे, मग ठीक. पाठीचे मणके आणि खुब्याची हाडं टोचायला लागली आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, तर जंत समजा आणि शेण तपासणीला न्या. (कुत्र्याच्या विष्ठेला दवाखान्यात आम्ही शेणच म्हणायचो, सवय.)

आता सासूबाई. त्यांचं खोटं नाही, पण अर्धं सांगतात. उचगावची ती कुत्री ताक-भाकरी खाऊन वर शेतातले उंदीर, घुशी मारायची, गाय व्याली की वार पळवायची, मेलेलं वासरू ओढून न्यायची. प्रथिनं आणि हाडांतला चुना तिकडून मिळायचा. आणि जी पिल्लं वर्षाच्या आत गेली ती कुणाच्या आठवणीत नाहीत. तुमचं चंप्या साखळीला असणार, त्याला उंदीर कोण आणून देणार? ज्वारीत प्रथिनं शंभराला साधारण दहा. वाढत्या पिल्लाच्या कोरड्या खाण्यात ती शंभराला बावीसच्या वर पाहिजेत. दूध वाईट नाही, पण पिल्लू मोठं होईल तशी त्याची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होते, मग पातळ हगवण लागते. दही किंवा बिनमिठाचं ताक थोडं सोसतं.

मिस्टरांना सांगा, लांडगा वेगळा आणि कुत्रं वेगळं. माणसाच्या उकिरड्यावर राहून कुत्र्याला पिष्ट पचवायची ताकद आली. 2013 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. तेव्हा भाकरी त्याला पचतेच. नुसत्या मांसात उलट मोठी खोट आहे. 100 ग्रॅम मांसात कॅल्शियम असतं जेमतेम 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 200 च्या आसपास. पिल्लाला हवं ते उलटं, कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीनं किंवा थोडं जास्त. ते खाण्यातून मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. पाय वाकतात, चौकटीवरून उडी मारली तरी हाड मोडतं. असली पिल्लं दवाखान्यात यायची, आणणारा माणूस म्हणायचा, ‘रोज अर्धा किलो मटण घालतोय, तरी असं कसं?’

आणि कच्ची आतडी-फुफ्फुसं तर अजिबात नको, हे जरा दरडावूनच सांगतो. मेंढी-बकऱ्याच्या फुफ्फुसात, काळजात (म्हणजे यकृतात) पाण्याच्या गाठी असतात, खाटीक त्या कापून टाकतो तुम्ही बघितलं असेल. ती एका पट्टकृमीची पिल्लावळ. कुत्र्यानं कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात जंत तयार होतो, कुत्र्याला काही होत नाही, पण विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. अंगाला, तोंडाला लागलेली ती अंडी पोरांच्या हातातून पोटात गेली की पोरांच्या काळजात तशाच गाठी होतात. ऑपरेशन करून काढाव्या लागतात. आपल्याकडं धनगरांची मेंढरं फिरतात, मुलूखच तसला आहे. आणायचं असेल तर चांगलं उकळून घाला, आणि काळीज रोज नको, त्यात अ जीवनसत्त्व फार.

दिरांच्या पिशवीचं हसू आलं. सगळा मुलूख भाकरी खातोय आणि कुत्र्याला धान्य नको म्हणून जादा पैसे! 2018 पासून अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं अशा बिनधान्याच्या, मटार-मसूर-हरभरा भरलेल्या खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या एका हृदयविकाराचा संबंध तपासला. नक्की कारण ठरलेलं नाही, पण मी असतो तर घातलं नसतं. शिवाय ते मोठ्या कुत्र्याचं. परत करा.

माझं मत असं आहे, आणि म्हाताऱ्या माणसाकडून ऐकायला विचित्र वाटेल: वर्षाचं होईस्तोवर पाकीट, मग भाकरी. वाढत्या हाडांचा हिशेब घरात चुकतो, मोठ्या कुत्र्यात तेवढी चूक सोसते. पाकिटावर ‘कम्प्लीट’ आणि ‘पपी’ किंवा ‘ग्रोथ’ हे दोन्ही शब्द असायला हवेत. नुसतं ‘ट्रीट’ किंवा ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर ते चटणी-लोणच्यातलं, जेवण नव्हे. 10 किलोच्या या वयाच्या पिल्लाला दिवसाला 800 ते 1000 कॅलरी लागतात. कोरडं खाद्य म्हणजे सव्वादोनशे ते पावणेतीनशे ग्रॅम, तीन वेळा वाटून. घरचं त्यावर दहाव्या हिश्श्यापुरतं: अर्धं उकडलेलं अंडं, चमचाभर दही, उकडलेलं रताळं. आपल्याकडं रताळ्याला काय तोटा आहे? खाद्य बदलताना आठवडाभर जुन्यात नवं मिसळत जायचं, एकदम बदललं तर अंगण धुवावं लागेल.

टिळकवाडीकर, तुमचं लॅब आमटी खातंय म्हणता, त्यात कांदा-लसूण असेलच. शिजवलं म्हणून त्यातला दोष जात नाही. वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतका कांदा धोक्याचा, म्हणजे चंप्याला 50 ग्रॅम, एक लहानसा कांदा. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लगेच कळत नाही, चार-पाच दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबूस होते, आणि तोवर काय खाल्लं ते घरात कुणालाच आठवत नाही. लॅब मोठं म्हणून सोसलं असेल.

अथणीचा द्राक्षवाला:

अक्का, तात्यांनी सगळं सांगितलं, एक राहिलं. द्राक्ष आणि बेदाणा. आमच्याकडं बेदाण्याचं शेड आहे, खाली पडलेले मणी कुत्रं चाटून खायचं, कुणी लक्ष देत नव्हतं. एका हंगामात ओकायला लागलं, मग खाणं बंद, मग लघवीच बंद. मूत्रपिंडावर गेलं होतं. सलाईन लावून लावून वाचलं, नशीब. डॉक्टर म्हणाले किती खाल्लं तर चालतंय असं मापच नाही, एखाद्या कुत्र्याला मूठभर पचतंय, एखाद्याला थोड्यात होतंय. खाल्लेलं दिसलं तर लक्षणांची वाट बघत बसू नका, लगेच न्या, ओकवायला वेळ असतो तोवर. घरी मीठ-पाणी पाजून ओकवायच्या भानगडीत पडू नका, मिठानंच जनावर जातंय.

कुंद्यापेक्षा मला करदंटाची, म्हणजे सुक्यामेव्याच्या मिठाईची, भीती वाटते. दिवाळीला गोकाकचा डबा आला की त्यात बेदाणा असू शकतो, पोरं चारणार.

शहापूरचा तात्या:

अथणीकरांनी बरी आठवण केली. यातला दोषी टार्टारिक आम्ल असावं, असं 2021 पासून पशुवैद्य मानायला लागलेत. आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर. चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं नोंदली गेलीत. म्हणजे आपली चिंच-गुळाची आमटी दोन्हीकडून बाद: कांदा-लसूण पण आहे, चिंच पण. ‘आपण खातो ते कुत्र्यानं खायचं’ वाल्यांनी लिहून ठेवा.

कुंदा विष नव्हे. साखर आणि आटवलेलं दूध, पोट बिघडेल, वजन वाढेल. मुलांना रागवायचंच असेल तर चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगमवरून रागवा. त्या गममधलं झायलिटॉल कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात खाली आणतं.

निपाणीकर:

आमच्याकडं तंबाखूची वखार. पाला, पूड, विडीची थोटकं, काहीही कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. आणि कोंबडीची शिजवलेली हाडं नकोत, फुटून सुयांसारखी होतात.

मलप्रभाकाठची:

बाप रे. चिंचेचं माहीतच नव्हतं, आमच्या दारातच झाड आहे, खाली पडलेल्या चिंचा चंप्या तोंडात धरून पळतंय! उद्यापासून सकाळी झाडून काढते.

तात्या, दोन गोष्टी विचारते. एक, मेडिकलवाल्यानं कॅल्शियमचं सिरप दिलंय, ते पाकिटाबरोबर घालू का? दोन, आमच्याकडं पावसाळ्यात पापडसुद्धा मऊ पडतात. पिशवी टिकायची कशी? बाजारात सुटं खाद्य किलोवर मिळतंय, तेच लागेल तेवढं आणू का? आणि वर्षानंतर भाकरी म्हणालात, ती कशी, तेही सांगा, सासूबाई विचारतात (‘तात्या शहाणा माणूस दिसतोय’ असं म्हणाल्या).

शहापूरचा तात्या:

सिरप बंद. ‘पपी’ खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. या वयाच्या पिल्लाला जादाचं बाहेर टाकता येत नाही, आतडं शोषत राहतं, आणि लांब पायांच्या कुत्र्याची हाडं त्यानंही बिघडतात.

सुटं घेऊ नका. उघड्या पोत्यातलं खाद्य किती दिवसांचं, मूळ कुठल्या पिशवीतलं, काही कळत नाही. आणि खानापूरचा पाऊस म्हणजे बुरशी आलीच. बुरशी धरलेलं धान्य, शेंगदाणे, पेंड यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते काळीज खातं. म्हशींची शेंगदाण्याची पेंडही चंप्यापासून लांब ठेवा, आणि बुरशी आलेली भाकरी ‘कुत्र्याला घाल’ म्हणून टाकू नका. लहान पिशवी घ्या, महिन्यात संपेल एवढी. खाद्य डब्यात ओतू नका, पिशवीसकट पत्र्याच्या डब्यात ठेवा. म्हणजे तारीख आणि बॅच नंबर हाताशी राहतो, आणि डब्याला लागलेलं जुनं तेल खवट होऊन नव्याला वास देत नाही.

सासूबाईंना नमस्कार सांगा. चंप्या पूर्ण वाढून 24 किलोच्या घरात गेलं, आणि खच्चीकरण झालेलं असलं, तर दिवसाला 1200 कॅलरी धरा. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, हाडं काढून शिजवलेली पाव किलो कोंबडी, एक अंडं, वाटीभर लाल भोपळा किंवा रताळं, चमचाभर तेल, आणि अंड्याच्या टरफलाची पीठ केलेली पूड पाऊण चमचा. टरफलं उकळून वाळवायची, मग मिक्सरला. मीठ-मसाला काही नाही, भाकरी कोंबडीच्या पाण्यात कुस्करायची. जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व यातून पुरेसं मिळत नाही, त्याची पावडर डॉक्टर लिहून देतील. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं याच जातीचं केंद्र आहे. मामा त्या बाजूचेच आहेत, त्यांना तिथं विचारून यायला सांगा.

सगळं एका वेळी घालू नका. या जातीची छाती खोल असते. भरल्या पोटी रानात सोडलं आणि पोटाला पीळ पडला तर काही तासांत जनावर जातं. पोट टम्म, ओकायला बघतंय पण काही पडत नाही, असं दिसलं की घरगुती इलाज नाहीत, गाडी काढायची आणि थेट बेळगाव गाठायचं. दोन वेळा खाणं, खाऊन झाल्यावर तास-दीड तास बांधून ठेवा.

मलप्रभाकाठची:

कळलं. सिरप परत करते. दिरांना फोन केला, पिशवी परत घेत नाहीत म्हणे, आता ती गल्लीतल्या मोठ्या कुत्र्यांना थोडी थोडी घातली तर चालेल का?

शहापूरचा तात्या:

चालेल. शिळ्या बिर्याणीपेक्षा शंभर पटीनं बरी.